चार नंबरला दिलेली वाट

१२ एप्रिल

पोचले बाई एकदाची! रत्नागिरी स्टँडवर खाणीची गाडी घ्यायला आली होती. राकेश नावाचा ड्रायव्हर. निघतानाच म्हणाला, मावशी, घट्ट धरून बसा, आमची घाटी लय वंगाळ. वंगाळ कसली, आतडी वर-खाली झाली माझी. पण सड्यावर आले आणि सगळा शीण गेला. सपाट काळा कातळ, पदर डोक्यावर राहू न देणारा वारा आणि पश्चिमेला लांबवर समुद्राची पट्टी. हवा स्वच्छ असली की मिरकरवाड्याच्या बोटी दिसतात म्हणे. मला काही दिसलं नाही, चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक.

वायरलेसची खोली फाटकाच्या आत, रस्ता संपतो तिथेच. पुढे टेबल, सेट आणि खुर्ची, मागे माझी खाट आणि स्टोव्ह. सव्वीस वर्षं मुंबईत एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसले, तेव्हा कानात आवाज असल्याशिवाय मला करमत नाही. दीक्षा म्हणाली, आई, निवृत्त झालीस ना, मग आता कशाला हे? तिला म्हटलं, तुझे बाबा गेल्यापासून घरात टीव्हीशी भांडते मी, तिथे निदान माणसं उलट बोलतील. पावसाआधी चिरेखाण बंद होते, म्हणजे सगळं मिळून दीड महिन्याचं काम.

मेस गोदाबाय चालवते. बांगड्याचं तिखलं केलं होतं. दोनदा वाढून घेतलं आणि लाजले नाही.

१३ एप्रिल

आज विनीतने सेट शिकवला. विनीत म्हणजे इथला मॅनेजर, तिशीचा असेल.

घाटी साडेतीन किलोमीटरची आणि एका वेळी एकच गाडी मावेल एवढी. रिकामी गाडी खालून चढते, चिऱ्यांनी भरलेली वरून उतरते. दोन्ही समोरासमोर आल्या तर मागे घ्यायलाही जागा नाही. म्हणून वाट मी द्यायची. ड्रायव्हर विचारणार, वाट हाय काय? मी या म्हटलं की घाटी त्याची. मग पायथा, ओढ्यावरचा साकव, वड, कडा, फाटक असं एकेका ठिकाणाहून तो कळवत येणार आणि शेवटी पोचलो म्हणणार. तोवर दुसऱ्या कोणालाही वाट द्यायची नाही. एवढा एकच कायदा.

सेटच्या मात्र बऱ्याच गमती. या चॅनेलवर आणखीही लोक बोलतात, त्यांची कटकट नको म्हणून कोड असतो. आमच्या गाड्यांच्या सेटमधून आवाजाखाली एक बारीक गुणगुण जाते. आपल्या कानाला ती कळत नाही, सेटला कळते. ती असेल तरच सेट तोंड उघडतो, नाहीतर गप्प. आमचा कोड सत्तावीस. मॉनिटरचं बटण दाबलं की कोड बाजूला होतो आणि सगळ्यांचंच ऐकू येतं. बोलण्याआधी ते दाबून बघायचं, कारण चॅनेलवर दुसरं कोणी बोलत असेल तर माझा सेट मला बोलूच देत नाही, नुसता टूं टूं करतो. शिवाय टायमर आहे. साठ सेकंद झाले की बोलणाऱ्याचं बोलणं आपोआप तुटतं, मग तो कोणी का असेना. गाड्यांतले सगळे सेट तसेच बांधलेत.

मी म्हटलं, अहो, हे आमच्या बोर्डावर असतं तर माझं आयुष्य दहा वर्षांनी वाढलं असतं! विनीत हसला नाही. पोरगं भारी गंभीर आहे.

२० एप्रिल

आता सगळ्यांचे आवाज ओळखते. पाच गाड्या, पाच तऱ्हा. राकेश तीन नंबरवर. तो वाट मागतो ती लाडीगोडीने, "मावशे, येऊ काय, चाय ठेवलाव काय?" चौदा तारखेला जयंतीला त्याच्या वाडीत घेऊन गेला. वंदना झाली, खीर झाली, त्याच्या बायकोने, स्नेहलने, जाताना ओटी भरावी तशी माझ्या पिशवीत आंबे भरले. सातवा महिना आहे तिला. फार बरं वाटलं.

पण एक ते दोन जेवणाची सुट्टी. गाड्या बंद, चिरे कापायची मशिनं बंद, सड्यावर चिटपाखरू नाही. फोनला रेंज नाही. दीक्षाशी बोलायचं तर कुंपणापाशी एका दगडावर चढावं लागतं. आज रविवार म्हणून चढले. चार मिनिटं बोलली, मग तिला दुसरा फोन आला. मी आपली फोन कानाला लावून तिथेच उभी. एकटं वाटतं. वहीत लिहायला कोणाची चोरी? फार एकटं वाटतं.

२७ एप्रिल

आज सुट्टीत कंटाळून मॉनिटरचं बटण दाबून बसले. नुसती खरखर. मग एक वाजून पाच मिनिटांनी खरखरीतून एक पुरुष बोलला. "मास्तर, चार नंबर. पायथ्याला हाय. वाट हाय काय?" थोडं थांबून पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. मग काही नाही.

दुसऱ्या कुठल्या तरी खाणीचा असणार. काय गोड, शांत आवाज! आणि मास्तर म्हणाला. इथे मी सगळ्यांची मावशी. कोणी मास्तर म्हटलं की कसं रुबाबदार वाटतं, मला म्हटलं नसलं तरी मी ठेवून घेतलं.

३ मे

रोज एक वाजून पाच. रोज तीनदा विचारतो आणि रोज त्याला कोणी उत्तर देत नाही. मी जेवणाचा डबा पुढ्यात घेऊन त्याची वाट बघते, हे कबूल करायला हरकत नाही.

त्याचा तो मास्तर आहे कोण मेला? झोपतो की काय? आमच्या बोर्डावर तिसरी घंटा वाजू दिली नाही मी कधी. माणूस विचारतोय तर हो म्हणा, नाही म्हणा, काहीतरी बोला! सेटवर एकेक कोड लावून शोधला. त्याचा कोड बारा निघाला.

५ मे

आज आगाऊपणा केला. एकला सेट बारावर नेऊन ठेवला. त्याने तीनदा विचारलं. कोणी बोलेना. मग मीच बटण दाबून म्हटलं, या हो चार नंबर, वाट मोकळी आहे, सावकाश या.

बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, घाबरला असेल बाईचा आवाज ऐकून. मग तो म्हणाला, "आलो, मास्तर." दोनच शब्द, पण असे म्हणाला की माझे डोळे भरून आले. किती दिवस थांबला होता कोण जाणे.

लगेच सेट सत्तावीसवर आणला. दिवसभर हसू येत होतं. साठीला आलेली बाई मी, पण पोरींसारखी चेकाळले होते.

६ मे

मॉनिटर दाबला. "चार नंबर, साकव."

आमचेही ड्रायव्हर हेच म्हणतात. पण साकव काय, कोकणात प्रत्येक वहाळावर असतो. त्याच्याही रस्त्यात असेल.

९ मे

आज मी बटण दाबलं नव्हतं. सेट सत्तावीसवर होता आणि तो आपणहून बोलला. साकव सोडला, वडाकडे निघालो म्हणाला. त्याच्या सेटला आमचा कोड कसा मिळाला, याचा विचार करते तोच तो गप्पांना लागला. ब्रेक नवे घातलेत, गॅरेजात दहा दिवस गेले, ऊन फार आहे. मी सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. साठ सेकंद झाले. सत्तर झाले. एकशे दहा झाले. बोलणं तुटलं नाही.

विनीतला विचारलं, कोणाचा टायमर बिघडलाय का? कोणाचा, म्हणाला. म्हटलं, चार नंबरचा. त्याने हातातलं पेन खिशात घातलं. मग म्हणाला, आपल्याकडे एक, दोन, तीन, पाच आणि सहा. चार नंबर नाही. आणि कामाच्या नावाखाली निघून गेला.

महिना होत आला मला इथे. पाच गाड्या मोजल्या, पण मधला आकडा नाही हे डोक्यात आलं नाही.

१२ मे



दुपारी दोनला राकेशला उतरायची वाट दिली. घाटी रिकामी होती. माझ्या वहीप्रमाणे रिकामी होती. वडाच्या वळणावर त्याला समोरून हॉर्न ऐकू आला. त्याने गाडी डोंगराच्या अंगाला दाबून उभी केली आणि मला शिवी हासडली, ती मी ऐकली. समोरून काही आलं नाही. पण त्याचा आरसा फुटला. डोंगराच्या बाजूचा नाही, दरीच्या बाजूचा. तिथे गाडी जाईल एवढी जागाच नाही, तिथे नुसती हवा आहे.

संध्याकाळी तो वर आला, आरसा माझ्या टेबलावर ठेवला आणि कोणाला वाट दिली होतीस मावशे, असं विचारलं. मी खोटं बोलले. कोणालाच नाही म्हटलं.

१३ मे

गोदाबायला धरून बसवलं.  ती रडत रडत बोलली.

चार नंबरवर अनिल होता. वायरलेसवर गुरुप्रसाद म्हणून होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. म्हणजे तो मला नव्हे, त्यांना हाक मारतोय. तेव्हा आमचा कोड बारा होता. दुसऱ्या खाणीनेही तोच घेतला आणि त्यांची बडबड मास्तरांना जेवताना सहन होईना. एका रविवारी त्यांनी सगळ्या गाड्यांचे सेट सत्तावीसवर करून घेतले. चार नंबर त्या दिवशी हातखंब्याला गॅरेजात होती. तिचा सेट बारावरच राहिला आणि अनिलला कोणी सांगितलं नाही.

तेव्हा ड्रायव्हरांचा एक दस्तूर होता. सेट सारखे बंद पडायचे, म्हणून तीनदा विचारायचं, उत्तर नाही आलं तर सेट बिघडला समजायचं आणि हॉर्न वाजवत निघायचं. अनिल गॅरेजातून आला, पायथ्याशी थांबला, तीनदा विचारलं. एक वाजून पाच झाले होते, तेव्हा जेवणाच्या वेळीही गाड्या चालायच्या, मास्तर टेबलाशी जेवत होते. सेट गप्प होता. मॉनिटर न दाबता त्यांनी भरलेल्या गाडीला उतरायची वाट दिली. कड्याच्या वळणावर गाठ पडली. भरलेली गाडी थांबणार कशी? अनिल गाडीसकट खाली गेला.

आठ दिवसांनी मास्तर दुपारी याच खुर्चीत सापडले. धडधाकट होते, पण तोंडातून शब्द नाही. मालगुंडला भावाकडे असतात. तीन वर्षं झाली, अजून बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, घशाला काही झालेलं नाही.

म्हणजे त्याला वाट मी दिली. तीन वर्षं पायथ्याला उभा होता, आणि मी त्याला या म्हटलं.

१५ मे

विनीतच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. दुसरं माणूस बघा म्हटलं. म्हणाला, नऊ दिवस राहिलेत, आता कोण येणार, तुम्ही गेलात तर गाड्या अंदाजाने उतरतील. राकेश अंदाजाने उतरेल. स्नेहलचा चेहरा आला डोळ्यांपुढे. राहिले.

सगळे सेट एकतीसवर करून घेतले. एक वाजून पाचला एकतीसवर बोलला. वड सोडला.

मी म्हटलं, अनिल, वाट रद्द, मागे जा. तो म्हणाला, "मास्तर, तुमी या म्हणालात ना."

१९ मे

कड्याशी पोचला. तिथेच थांबलाय.

पुढे येईना. विचारतो, समोरून गाडी येतेय काय? मी उत्तर देते तोवर पुन्हा तेच विचारतो. आज सुट्टी संपून गाड्या सुरू झाल्या तरी अकरा मिनिटं सलग. मी बटण दाबत होते, सेट टूं टूं. वर पाच नंबर, खाली राकेश, दोघंही वाट मागत असणार. मला काही बोलता येईना. धावत फाटकाकडे गेले, ओरडून पाच नंबर थांबवली. राकेश आपणहून थांबला म्हणून—

भीती वाटते. त्याची वाटते आणि माझी स्वतःचीही वाटते.

२१ मे

गाड्या जातात. कड्याशी प्रत्येक जण हॉर्न देतो, कोणी सांगितलेलं नसताना. सहा नंबरचं चाक आज बाहेर लोंबलं. वीतभर.

दीक्षाला फोन लावला. तिने उचलला नाही. दगडावर उभी राहून रिंग ऐकत राहिले—

२२ मे

तो आता सुट्टीपुरता नाही. सकाळी आठपासून आहे. मध्ये मध्ये गप्प होतो तेवढ्यात मी वाट देते. आवाज तसाच, गोड. रागावला असता तर बरं झालं असतं.

गोदाबाय गेली. जाताना चल म्हणाली. कशी जाणार?

२४ मे

आज खाण बंद. शेवटची फेरी. कामगारांची बिऱ्हाडं उतरायची आहेत, विजापूरकडची माणसं. राकेशच्या गाडीत बावीस जण, त्यात सहा पोरं. मी मोजली.

कड्यावर तो आहे. वाट देणार नाही म्हटलं. विनीत ओरडला, आभाळ भरलंय, घाटी ओली झाली तर कोणीच उतरणार नाही. मी किल्ली घेतो म्हणाला. राकेश म्हणाला, मावशी बोलल्याबिगर गाडी हलायची नाय. विनीतने दहा मिनिटं दिली.

सगळे गाडीपाशी. मी एकटी खोलीत. एकच उपाय आहे. दिलेली वाट परत घेता येत नाही. तो पोचला तरच घाटी मोकळी होईल. आणि रस्ता संपतो तो माझ्या दारात.

मालगुंडच्या त्या मुक्या मास्तरांचा विचार आला. आला तसा घालवला. पोरं गाडीत गाणं म्हणतायत—

सेट बारावर नेला. त्याच्या कोडवर, त्याच्याशी पहिल्यांदा बोलले तशी. म्हटलं, अनिल, समोर कोणी नाही. गाडी मी फाटकात धरून ठेवली आहे. वर ये.

"नक्की, मास्तर?"

नक्की म्हटलं.

कडा सोडला, म्हणाला.

बाहेर पोरांचं गाणं थांबलं. खिडकीतून बघते— राकेशची गाडी हलली, बाजूने काहीतरी घासून गेल्यासारखी. तो खाली वाकून चाकं बघतोय. धूळ उडाली, फाटकातून आत आली. माझ्या दाराकडे.

फाटक, म्हणाला.

मग— पोचलो.

इंजिन बंद झालं. दाराबाहेर. मी ऐकलं.

सेट एकतीसवर. राकेश, वाट मोकळी, जा. शहाण्यासारखा गेला पोरगा, मागे न बघता. विनीत त्याच्या शेजारी. मला हाक मारत होता, नाही गेले. वाट देणाऱ्याने उठायचं नसतं.

कडा.
वड.
साकव.

"पोचलो मावशी, समदी पोचली. पोरा झोपली." रडले. मोठ्याने रडले. वर आता कोणी नाही ऐकायला.

सेट बंद केला. वायरही काढली.

तो बोलतोय. सेटमधून नाही. दाराच्या पलीकडून, नीट, सावकाश. तीनदा इचारलं मास्तर, म्हणतो. का नाय बोललात? थांबतो. पुन्हा विचारतो. थांबतो.

मी मास्तर नाही हे ओरडून सांगता येईल. मग त्याला उत्तर कोण देणार? तीन वर्षांत कोणी दिलं नाही. इतकी माणसं होती, सगळ्यांना माहीत होतं, पण सांगायला कोणी गेलं नाही. मी सांगते. कडी काढली आहे. सांगते त्याला, अरे, तुझं ऐकून कोणी गप्प बसलं नव्हतं, तुझं ऐकूच आलं नाही, कोड बदलला आणि तुझा सेट तेवढा राहिला, चूक आमची, तुझी नव्हे. एवढंच सांगायचं. दार उघडतंय. लिहिते आहे कारण तोंड उघडलं आणि माझा आवाजच—